नवा लॅपटॉप: आत भरून आलेला पसारा आणि पहिलं खातं

अभियांत्रिकीचे प्रवेश सुरू झाले की पुण्यात टिळक रस्त्यावरच्या दुकानांतून लॅपटॉपची खोकी हलायला लागतात आणि पाठोपाठ आमच्याकडे प्रश्न येतात. त्यांतले सहा इथे घेतले आहेत. बऱ्याच अडचणींचं मूळ एकच दिसतं: लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला तेव्हा त्यात कोणाचं खातं घातलं गेलं, याकडे कोणी लक्ष दिलेलं नसतं.

वडिलांसाठी नवा लॅपटॉप घेतला. मॅकॅफी अँटिव्हायरस दिवसातून चार वेळा 'तुम्ही असुरक्षित आहात' म्हणतो आणि ते घाबरतात. आत ढीगभर प्रोग्रॅम आधीच आहेत. काय काढू? शिवाय खोक्यावर ५१२ जीबी आणि आत ४७६, हे कसं? (कोथरूड)

आधी जागेचं. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज १०२४च्या पटीत मोजतं. त्यामुळे ५१२चे सुमारे ४७६ दिसतात. फसवणूक नाही. त्यातला थोडा भाग रिकव्हरी पार्टिशनला जातो. 'जागा मोकळी करतो' म्हणून ते कोणाला उडवू देऊ नका, लॅपटॉप मूळ स्थितीत आणायची सोय त्यातच असते.

आता पसारा. सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स इथे जा. मॅकॅफीच्या बहुधा दोन नोंदी असतात, एक मुख्य आणि एक 'वेब ॲडव्हायझर'. दोन्ही काढा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. मग विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरस संरक्षणासमोर मायक्रोसॉफ्ट डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) चालू झाल्याचं डोळ्यांनी बघा. ही पायरी गाळू नका. दुसरा अँटिव्हायरस असला की डिफेंडर मागे सरतो, आणि पहिला अर्धवट निघाला तर गाडी मध्येच अडकते. तसं झालं तर मॅकॅफीचंच 'एमसीपीआर' नावाचं सफाईचं साधन मिळतं, ते चालवा. वडिलांच्या वापराला डिफेंडर पुरतो. पुण्यातच तयार होणारा क्विक हील किंवा दुसरा कुठला विकतचा अँटिव्हायरस घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण एका वेळी एकच, आणि आधीचा पूर्ण काढून.

चाचणीपुरते आलेले व्हीपीएन, खेळ, हॉटेल बुकिंगचे शॉर्टकट, दुसरा एखादा ऑफिस संच हे सगळं बिनधास्त काढा. हात लावायचा नाही तो इंटेल, एएमडी, रिअलटेक, डॉल्बी या नावांच्या नोंदींना आणि 'व्हिज्युअल सी प्लस प्लस'ला. ते काढलं की आवाज जातो किंवा दुसरंच काही बंद पडतं. लॅपटॉप कंपनीचं स्वतःचं ॲपही (लेनोव्हो व्हँटेज, मायआसूस, डेल सपोर्टअसिस्ट यांपैकी जे असेल ते) राहू द्या. बायोसचे (लॅपटॉप चालू होताना सगळ्यात आधी जागं होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचे) अपडेट त्यातून येतात. अनेक मॉडेलांत बॅटरी ८० टक्क्यांच्या आसपास चार्ज करून थांबवायची सोयही तिथेच असते. लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावून ठेवणाऱ्या घरात ती चालू केलीच पाहिजे.

हे फक्त कटकट टाळण्यासाठी नाही. २०१५ साली लेनोव्होच्या काही लॅपटॉपांत कारखान्यातूनच आलेलं 'सुपरफिश' हे जाहिरातींचं सॉफ्टवेअर सापडलं. त्याने ब्राउझरच्या सुरक्षित जोडणीतच स्वतःचं प्रमाणपत्र घुसवलं होतं. आपण न मागितलेली वस्तू आपल्या यंत्रात असली, तर ती काय करते हे विचारायचा हक्क आपलाच आहे.

बिलावर 'ऑफिस लाइफटाइम' लिहिलंय. महिनाभर वर्ड चाललं, आता पैसे मागतंय. दुकानदार म्हणतो, आम्ही ॲक्टिव्हेट करून दिलं होतं. (चिंचवड)

वर्ड उघडा, फाइल, मग अकाउंट. तिथे 'ऑफिस होम २०२४' किंवा 'होम अँड स्टुडंट २०२१' असं वर्षासह नाव असेल तर ते कायमचं ऑफिस. 'मायक्रोसॉफ्ट ३६५' दिसत असेल तर ती वर्गणी. नव्या लॅपटॉपमध्ये अनेकदा दोन्ही येतात. पहिल्या दिवशी 'ट्राय' म्हणणारं मोठं बटण दाबलं की ३६५ची महिन्याची चाचणी सुरू होते आणि विकत घेतलेलं कायमचं ऑफिस बाजूला तसंच पडून राहतं. तुमच्याकडे बहुधा हेच झालंय. ३६५ अनइन्स्टॉल करा, मायक्रोसॉफ्टच्या खात्याच्या पानावर स्वतःच्या ईमेलने जा आणि लॅपटॉपसोबतचं ऑफिस तिथून उतरवून घ्या. अजून नोंदवलंच नसेल तर घाई करा. विंडोज ॲक्टिव्हेट झाल्यापासून १८० दिवसांत ते नोंदवावं लागतं. चाचणीसाठी कार्ड दिलं असेल तर आपोआप होणारं नूतनीकरणही आजच बंद करा.

दुसरी शक्यता जास्त त्रासाची. दुकानातल्या मुलाने स्वतःच्या किंवा दुकानाच्या ईमेलने ऑफिस नोंदवलं असेल, तर ते त्या खात्याला कायमचं चिकटतं. तुमच्या खात्यावर हलवता येत नाही. अकाउंटच्या त्याच पानावर कोणाचा ईमेल आहे ते बघा. फक्त तुमच्या लॅपटॉपसाठी उघडलेलं खातं असेल तर त्याचा पूर्ण ताबा मागा: पासवर्ड, फोन नंबर, रिकव्हरीचा ईमेल, सगळं तुमचं करून घ्या. पण एकच खातं दहा गिऱ्हाइकांच्या लॅपटॉपवर घातलेलं असेल तर गप्प बसू नका. तुमचा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर त्या खात्याच्या वनड्राइव्हमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यात) जात असू शकतात, म्हणजे घरची कागदपत्रं परक्याच्या कपाटात. बिलाची प्रत आणि त्या पानाचा फोटो घेऊन दुकानात जा, लेखी मागणी करा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार नोंदवा.

आणि हे ऑफिस 'लाइफटाइम' असतं ते त्या एका लॅपटॉपपुरतं. नव्या लॅपटॉपवर ते सोबत येत नाही. होम आवृत्तीत आउटलुकही नसतं.

मुलाला हवं तेच मॉडेल 'डॉस'वालं काही हजारांनी स्वस्त आहे. दुकानदार म्हणतो, विंडोज आम्ही फुकट टाकून देतो. घ्यावं का? (वाकड)

मुलगा लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मुक्त प्रणाली) वापरणार असेल तर आनंदाने घ्या. विंडोज लागणार असेल तर घेऊ नका.

डॉसवाला म्हणजे फ्रीडॉस. १९९४मध्ये सुरू झालेली ही मुक्त प्रणाली आहे. लॅपटॉप चालू होतो एवढं दाखवण्यापलीकडे तिचा इथे उपयोग नाही. विंडोजसह आलेल्या लॅपटॉपच्या मदरबोर्डमध्ये लायसन्सची की कोरलेली असते, त्यामुळे उद्या एसएसडी (आतली डिस्क) बदलली तरी विंडोज स्वतःच ॲक्टिव्हेट होतं. डॉसवाल्यात ती की नसतेच. कंपन्या विंडोज घाऊक भावाने घेतात, म्हणून वेगळं लायसन्स घ्यायला गेलात तर वाचलेल्या पैशांहून बहुधा जास्तच जातात. दुकानदार 'फुकट' टाकतो ते एक तर तोडलेलं असतं किंवा कुठल्या तरी कार्यालयाच्या सामायिक कीचं. तोडण्यासाठी अँटिव्हायरस बंद करून कोणाचा तरी अनोळखी प्रोग्रॅम चालवलेला असतो, आणि त्याच लॅपटॉपवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकणार.

आधीच घेतलेल्यांनी तपासून बघा. विंडोजचं बटण आणि आर दाबा. चौकटीत एस, एल, एम, जी, आर ही रोमन अक्षरं सलग, मग एक जागा, तिरकी रेघ आणि डी, एल, आय असं टाइप करा. कारखान्यातून आलेलं असेल तर 'ओईएम डीएम' दिसेल, रीतसर विकत घेतलेलं असेल तर 'रिटेल'. घरच्या लॅपटॉपवर 'व्हॉल्यूम' दिसलं तर समजा की लायसन्स तुमचं नाही. आता शेवटच्या तीन अक्षरांऐवजी एक्स, पी, आर टाका. त्यात संपायची तारीख आली तर शंकेला जागाच नाही.

स्वतः अस्सल विंडोज टाकणार असाल तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मीडिया क्रिएशन टूल घ्या आणि किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करा. इथे नेहमी अडतं ते दोन ठिकाणी. अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपांत इन्स्टॉलरला एसएसडीच दिसत नाही, यादी रिकामी येते. डिस्क बिघडलेली नसते. बायोसमध्ये व्हीएमडी (इंटेलची डिस्क हाताळायची सोय) चालू असतं आणि त्याचा ड्रायव्हर (तो भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरकडे नसतो. कंपनीच्या पानावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर आणा, उलगडून पेनड्राइव्हवर ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर'मधून दाखवा. कोऱ्या लॅपटॉपवर व्हीएमडी बंद केलं तरी चालतं. विंडोज आधीच बसलेलं असताना मात्र बंद करू नका, ते सुरूच होणार नाही. दुसरी अडचण वायफायची. पुढे इंटरनेट मागितलं जातं आणि वायफायचा ड्रायव्हर नसतो. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देण्याची सोय) चालू करा, काम होतं.

संगणक अभियांत्रिकीला प्रवेश मिळालाय. सीनिअर म्हणतात, लिनक्स हवंच. विंडोज काढून टाकू की दोन्ही ठेवू? (नऱ्हे)

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या या शाखेच्या प्रात्यक्षिकांसाठी ६४ बिट ओपन सोर्स लिनक्स सुचवलेलं असतं, त्यामुळे सीनिअरांचं बरोबर आहे. पण विंडोज काढू नकोस, त्याचे पैसे भरलेले आहेत. पहिल्या वर्षाला डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) पुरेल. ॲडमिन म्हणून पॉवरशेल उघड आणि डब्ल्यूएसएल, जागा, दोन आडव्या रेघा, इन्स्टॉल अशी रोमनमध्ये आज्ञा दे. रीस्टार्टनंतर विंडोजच्या आतच उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) मिळतं. रॅम १६ जीबी असेल तर जड जात नाही.

पुढे खरं लिनक्स हवं झालं की ड्युअल बूट, म्हणजे एकाच लॅपटॉपवर दोन्ही. क्रम चुकवू नकोस. आधी बिटलॉकरची (डिस्कच्या कुलपाची) की जपून ठेव (शेवटचा प्रश्न वाच). पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद कर. नाही तर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्समधून सी ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून ८० ते १०० जीबी मोकळे कर, हे काम लिनक्सच्या इन्स्टॉलरवर सोडू नकोस. उबंटू २४.०४च्या पेनड्राइव्हवरून आधी 'ट्राय' निवड आणि वायफाय, टचपॅड, आवाज, झाकण मिटल्यावर झोपणं व पुन्हा जागं होणं तपास. सगळं ठीक असेल तरच इन्स्टॉल. एनव्हिडियाचं ग्राफिक्स असेल तर इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला लावू शकतो. तसं झालं तर रीस्टार्ट होताना निळा पडदा येईल, तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड दे. हा पडदा घाईत पुढे ढकलला की ड्रायव्हर चढत नाही.

पहिल्यांदा विंडोजमध्ये परतशील तेव्हा घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे असेल. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. उबंटूच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' ही आज्ञा रोमनमध्ये एकदा दिली की मिटतं.

मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी विंडोजवरच राहावं. सॉलिडवर्क्स आणि ऑटोकॅड लिनक्सवर चालत नाहीत.

नव्या लॅपटॉपवर 'विंडोज होम सिंगल लँग्वेज' आहे. मराठी टाइप होणार नाही का? जुन्या फायलीही वेगळ्या दिसतात. (सदाशिव पेठ)

होतं. 'सिंगल लँग्वेज'चा संबंध मेनूंच्या भाषेशी आहे, टायपिंगशी नाही. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन इथे मराठी जोडा आणि तिच्या पर्यायांत कीबोर्ड निवडा. फोनेटिक (रोमन उच्चाराप्रमाणे) आणि इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाणित कीबोर्ड) दोन्ही आहेत. विंडोज बटण आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते. रोज पानंच्या पानं टाइप करणाऱ्यांनी इनस्क्रिप्ट शिकावा, असं आम्ही आग्रहाने सांगतो. 'नऱ्हे'तला ऱ्ह जमत नाही अशी तक्रार नेहमी येते. न साठी व्ही, मग शिफ्ट धरून जे, मग डी, यू, एस. शिफ्ट-जे हा ऱ साध्या र पासून वेगळा आहे, सगळी किल्ली तीच.

जुन्या युनिकोड फायलींत मंगल, कोकिळा किंवा अपराजिता फॉन्ट असेल तर तो नव्या विंडोजमध्ये आपोआप येत नाही. ऑप्शनल फीचर्समधून देवनागरीचे पूरक फॉन्ट उतरवा. श्रीलिपी किंवा आयएसएम या टायपिंगच्या सॉफ्टवेअरांतल्या जुन्या फायली रोमन गिचमिड दिसत असतील तर नुसता युनिकोड फॉन्ट लावून भागत नाही, त्या युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्या लागतात. रूपांतरानंतर जोडाक्षरं आणि रफार मूळ छापील प्रतीशी ताडून बघा.

बायोस अपडेटनंतर निळा पडदा आला आणि ४८ आकडी की मागतोय. मी कधीच पासवर्ड लावला नव्हता. (हडपसर)

तुम्ही लावला नाही, विंडोजने लावला. हल्लीच्या विंडोज ११मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा साइन इन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते (हेच बिटलॉकर) आणि किल्ली त्याच खात्यात जाते. बायोस किंवा सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) बदललं की यंत्राला शंका येते आणि ते किल्ली मागतं.

फोनवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, डिव्हायसेस उघडा, त्या लॅपटॉपची रिकव्हरी की बघा. किल्ल्या अनेक असतील तर पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवा. तुमच्या खात्यात सापडली नाही, तर ज्याने पहिल्या दिवशी लॅपटॉप 'सेट करून' दिला त्याला आजच गाठा, किल्ली त्याच्या खात्यात असण्याची दाट शक्यता आहे. कुठेच मिळाली नाही तर आतला डेटा मायक्रोसॉफ्टलाही काढून देता येत नाही. मग सगळं पुसून नव्याने विंडोज टाकणं एवढंच उरतं.

ज्यांचा लॅपटॉप आज नीट चालतोय त्यांनी स्वतःच्या खात्यात जाऊन हे ४८ आकडे आत्ताच कागदावर उतरवावेत आणि बिलाला टाचून ठेवावेत. पुढच्या वेळी बायोस अपडेट करायच्या आधी डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कचं हेच कुलूप) बंद करा, डिस्क पूर्ण मोकळी होईपर्यंत थांबा, मग अपडेट आणि नंतर ते पुन्हा चालू. अपडेट संपेपर्यंत चार्जर लावलेला असू द्या.