तांबडी सुर्ल्याच्या वाटेवर तू विचारलेला प्रश्न

चि. मनूस अनेक आशीर्वाद,

गेल्या डिसेंबरात गोव्यातल्या तांबडी सुर्ल्याच्या महादेवाचे दर्शन घेऊन आपण मोलेच्या रस्त्याला लागलो होतो, तेव्हा मागच्या सीटवरून तू मला विचारलेस, "आई, देवळात तू डोळे मिटून हात जोडलेस, ते तुला खरंच वाटत होतं म्हणून, की आजी बघत होती म्हणून?" आजी शेजारीच बसली होती. मी "नंतर सांगते" म्हणाले आणि मेलबर्नला परतून चार महिने झाले तरी ते सांगणे राहूनच गेले. प्रश्न मला लागला होता, कारण त्यात थोडे तथ्य होते.

त्या देवळात मी पहिल्यांदा गेले तेव्हा नऊ वर्षांची होते, म्हणजे तुझ्याहून दोन वर्षांनी लहान. तात्या, म्हणजे माझे वडील, आम्हां भावंडांना बेळगावहून घेऊन निघाले. लोंढ्याला गाडी बदलली आणि मीटरगेजची ती छोटी गाडी घाट उतरू लागली. दूधसागरचा धबधबा आला तसा सगळा डबा एका बाजूच्या खिडक्यांशी गोळा झाला. कॅसलरॉक स्टेशन मागे पडताना तात्या म्हणाले होते की त्यांच्या तरुणपणी इथे सरहद्द होती आणि १९६१ पर्यंत पलीकडे पोर्तुगिजांचे राज्य होते. घरापासून एका घाटाच्या अंतरावर असलेला हा देव त्यांनी पुष्कळ उशिरा पाहिला, आणि म्हणूनच आम्हांला तो लवकर दाखवण्याची त्यांना घाई होती, हे मला आता कळते.

कुळ्यात उतरून पुढे भाड्याच्या गाडीने पोहोचलो, तेव्हा खरे सांगायचे तर माझी निराशाच झाली, कारण देऊळ लहान होते आणि शिखर अपुरे राहिल्यासारखे दिसत होते. तात्यांनी आधी आम्हांला सुर्ला नदीत पाय धुवायला लावले. अंगणातल्या फरशा चटके देत होत्या आणि मंडपात पाऊल टाकताच तळव्यांना एकदम गारवा लागला. तो गारवा मी आजही विसरलेले नाही. त्यांनी मला एका खांबाच्या तळाशी उकिडवे बसवून घोड्याला तुडवणारा हत्ती शोधायला लावला. हा काळा दगड इथला नव्हे, कदंब राजांच्या काळी, बाराव्या-तेराव्या शतकात, तो घाटापलीकडून आणलेला आहे, असे ते सांगत होते आणि मी मात्र मंडपातल्या नंदीकडे बघत होते, कारण त्याला डोके नव्हते. डोके नसलेल्याला नमस्कार कशाला करायचा, असे मी विचारले. तात्या काहीच बोलले नाहीत. गोठ्यातल्या म्हशीच्या पाठीवरून फिरवत तसा त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग हात जोडले.

परतताना तिन्हीसांजेला झाडीतून एक गवा रस्त्यावर आला. ड्रायव्हरने इंजिन बंद केले आणि तात्यांनी गाडीतूनच त्याला हात जोडले. या डिसेंबरात तीन गवे दिसले तेव्हा आजीने हात जोडले आणि तुला हसू आले. तो नमस्कार तात्यांचा होता, एवढेच मला तुला सांगायचे होते.

असे हात जोडल्यामुळे जंगल राखले जाते, असे मात्र मी तुला सांगणार नाही. तिथले अभयारण्य १९६९ मध्ये जाहीर झाले, सुमारे २४० चौरस किलोमीटरचे ते रान कायद्याने राखलेले आहे, आणि २०२० मध्ये रेल्वेचा दुसरा मार्ग, महामार्ग आणि वीजवाहिनी यांसाठी झाडे तोडली जाऊ नयेत म्हणून गोव्यातली कितीतरी तरुण मुले उभी राहिली. त्यांतल्या किती जणांनी गव्याला कधी नमस्कार केला असेल, मला ठाऊक नाही. उलट रोज देवाला हात जोडणारी आणि नदीत प्लास्टिक टाकणारी माणसेही मी पाहिली आहेत. त्यामुळे आपली रीत श्रेष्ठ आहे, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण ती निरर्थक आहे असे कोणी म्हटले, तर मला वाईट वाटते, आणि तू म्हटलेस तर जास्त वाटते.

तर तुझे उत्तर असे आहे. हो, आजी बघत होती आणि ती बघत आहे हे मला आवडत होते. मी देवाकडे काही मागितले नाही. पायांना तो गारवा लागला, तात्या आठवले आणि हात आपोआप जुळले. याला श्रद्धा म्हणतात का, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

पुढच्या वेळी तुला हात जोडावेसे वाटले नाहीत, तर जोडू नकोस. नदीच्या पायऱ्यांवर बसून राहिलीस तरी चालेल, आजीला मी समजावीन. फक्त एकदा अनवाणी आत येऊन जा, आणि शक्यतो उन्हाच्या वेळी ये.

आजीने काल फोनवर विचारले की तू काढलेल्या फोटोत तो तिसरा गवा, झाडाआडचा, आला आहे का. आला असेल तर तेवढा तिला पाठव.

तुझी,
आई