नकाशावरची तुटक रेघ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या सायकल-प्रवासाचा नकाशा तीनदा पाहिला. रस्त्यांची आखणी छान केली आहेस, चढसुद्धा मोजलेस. फक्त जिथे जमीन संपते तिथे एक तुटक रेघ मारून शेजारी ‘बोटीने’ एवढाच शब्द लिहिलास. मला जे सांगायचं आहे ते त्या रेघेबद्दल, आणि खरं तर तिच्या दोन टोकांबद्दल. मधल्या पाण्यावर तू झोपशील, वाचशील, कठड्याला टेकून उभी राहशील. दमछाक होते ती बंदरात.

विमान नको म्हणालीस, ते बरं केलंस. विमानासाठी सायकल उघडून खोक्यात भरावी लागते. फेरीबोटीवर मात्र ती सामानासकट, स्वतःच्या चाकांवर चढते. तुझ्या मैत्रिणीची सायकल बॅटरीची असेल तर तिला विमानाचा विचारच सोडावा लागेल. प्रवासी विमानात १६० वॉट-तासांहून मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही आणि त्या सायकलींच्या बॅटऱ्या सहसा ४००-५०० च्या घरात असतात. बोटीवर त्यांचे नियम कंपनीगणिक वेगळे, तेव्हा तिने आधीच विचारून घ्यावं.

समुद्र आला म्हणजे ‘खरा’ प्रवास तुटला, असं तू लिहिलंस. ते मनातून काढून टाक. सायकलवरून पहिली जगप्रदक्षिणा करणारा टॉमस स्टीव्हन्स १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघून बोस्टनला पोचला, पुढच्या वर्षी आगबोटीने लिव्हरपूलला उतरला आणि १८८६ च्या डिसेंबरात योकोहामाला थांबला. अफगाणिस्तानातून त्याला मागे पाठवलं, तेव्हा तो वळसा घालून पुन्हा बोटीनेच पूर्वेकडे गेला. त्याची उंच चाकाची सायकल बघितलीस तर तुझ्या एकवीस गिअरांबद्दलची तक्रार तू परत करणार नाहीस.

आता तिकीट. बहुतेक फेरींवर सायकलस्वार हा वेगळा प्रकार असतो. काही मार्गांवर पायी उतारू घेतच नाहीत, पण सायकलवाल्याला वाहन धरून घेतात. काही ठिकाणी सायकल फुकट जाते, तरी तिची नोंद करावीच लागते, कारण डेकवर जागा मोजून ठेवलेली असते. जपानच्या फेरींवर अजून एक सोय आहे. तिथे सायकल सुटी करून पिशवीत भरतात, त्याला ‘रिंको’ म्हणतात. पिशवीत गेली की ती सामान ठरते, उघडी ढकलत नेली तर वाहन. आणि बंदरात वेळेवर पोचणं म्हणजे सुटायच्या वेळेला पोचणं नव्हे. तिकीट-खिडकी तास-दीड तास आधीही बंद होते, आणि शहरातून बंदराकडे जाणारा रस्ता बहुधा ट्रकांसाठी बांधलेला असतो. तो दिवसाउजेडी एकदा बघून ठेव.

चढण्याचा भाग मी जरा सविस्तर लिहितो, कारण पहिल्याच वेळी मी तिथे सपशेल आपटलो होतो. तुला ट्रक-मोटारींच्या रांगेत उभं करतात. कधी सर्वांत आधी सोडतात, कधी सर्वांत शेवटी. ते पिवळं जाकीट घातलेल्या माणसाच्या हातात. त्याच्याकडे बघत राहा, मोबाइलकडे नको. बोटीत चढायच्या उतरणीचा पत्रा लोखंडी असतो, त्यावर गाड्यांना पकड मिळावी म्हणून आडव्या पट्ट्या असतात. पाऊस किंवा दव पडलं की त्या पट्ट्या साबणासारख्या होतात. मी ऐटीत, पेडल मारत गेलो. चाक तिरकं पडलं आणि मागच्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवून माझं स्वागत केलं. तेव्हापासून मी उतरून ढकलत जातो. बोटीच्या आत काही डेकांवर रुळही असतात, ते काटकोनातच ओलांड.

आत गेल्यावर खलाशी भिंतीची किंवा कठड्याची जागा दाखवेल आणि एक तेलकट दोरी देईल. त्यावर विसंबू नकोस. स्वतःच्या दोन पट्ट्या आणि एक जुना कापडाचा तुकडा जवळ ठेव. गिअरची बाजू बाहेर, डावी बाजू भिंतीला. एक पट्टी सीटखाली, दुसरी पुढच्या फ्रेमला, आणि पुढचा ब्रेक रबराने आवळून ठेव, म्हणजे हेलकाव्यात चाक फिरणार नाही. जिथे फ्रेम लोखंडाला लागते तिथे कापड. सायकल एकावर एक रचली तर तुझी सर्वांत आत जाणार नाही असं बघ. तळाशी गेलेल्या सायकलीवर दहा पॅनिअरांचं, म्हणजे चाकाशेजारी लटकवायच्या पिशव्यांचं, वजन येतं. डिस्क ब्रेक असतील तर डेकवरच्या डिझेलच्या थेंबांपासून त्यांना जप, चकतीला तेल लागलं की ब्रेक आरडाओरडा करतात पण धरत नाहीत.

त्यानंतर लगेच वर जायचं नाही. बोट सुटली की गाड्यांचा डेक कुलूपबंद होतो आणि पलीकडचा किनारा येईपर्यंत उघडत नाही. म्हणून एक पिशवी आधीच वेगळी भरलेली असू दे: पासपोर्ट, पैसे, गरम कपडा, पाणी, ब्रश, औषध. बोट लागत असेल तर गोळी सुटायच्या आधी घे. हेलकावे सुरू झाल्यावर घेतलेली बहुतेक वेळा पोटात राहतच नाही. बसायचं खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यावर. तेही नको वाटलं तर बाहेर उघड्यावर, क्षितिजाकडे नजर लावून. कितवा डेक, कुठला जिना हे वर जाताना कागदावर लिहून ठेव. उतरताना सगळे जिने सारखेच दिसतात.

पलीकडे उतरताना घाई करू नकोस. सगळे ट्रक एकदम सुटतात आणि त्यांना पुढच्या शहरात पोचायचं असतं. त्यांना जाऊ दे, पंधरा मिनिटांत रस्ता मोकळा होतो. इंग्लंडच्या न्यूहेवनहून चार तासांत फ्रान्सच्या दिएपला उतरलीस की रस्त्याची बाजूही बदललेली असते. झोपेतून उठलेल्या डोक्याला हे पहिल्या चौकात आठवत नाही. मी हँडलवर चिकटपट्टीने बाण काढून ठेवतो. लोक हसतात, हसू देत. आणि बंदर समुद्रसपाटीला असतं, त्यामुळे पहिला रस्ता बहुधा चढाचाच. डेन्मार्कच्या हिर्ट्सहाल्सहून फेरो बेटांमार्गे आइसलंडला जाणारी बोट सेयदिसफ्योर्दुरला सोडते, आणि तिथून बाहेर पडायचा एकमेव रस्ता सुमारे ६०० मीटर चढून डोंगरापलीकडे जातो. अजून पायाखालची जमीन डुलते आहे आणि समोर हा घाट! पहिल्या दिवसाचं अंतर निम्मं ठेव.

हे झालं वेळापत्रकाच्या बोटींचं. तुझ्या नकाशात कॅस्पियन समुद्र आहे, तिथे वेळापत्रक नावाची वस्तू नाही. बाकूच्या दक्षिणेला साधारण ७० किलोमीटरवर आलातचं बंदर आहे. तिथून कझाकस्तानच्या कुरिक किंवा अक्ताऊला जहाज जातं ते मालाचे डबे आणि ट्रक भरले की, आणि वारा मानेल तेव्हा. मी तंबू ठोकून तीन रात्री काढल्या. चढल्यावर वाऱ्यामुळे जहाज पलीकडच्या बंदराबाहेर नांगर टाकून उभं राहिलं, ते वेगळंच. म्हणून अशा ठिकाणी आधीच्या देशाच्या व्हिसाचे शेवटचे दिवस धक्क्यावर संपू देऊ नकोस. देश सोडल्याचा शिक्का जहाजावर चढतानाच बसतो, तोवर प्रत्येक दिवस तुझ्याच खात्यातून जातो. तसंच ई-व्हिसा सगळ्या बंदरांवर चालतो असं गृहीत धरू नकोस. विमानतळावर चालणारा कागद समुद्रमार्गाला चालत नाही, असे देश आहेत. ई-व्हिसा चालणाऱ्या ठिकाणांच्या यादीत त्या बंदराचं नाव शोध, देशाचं नाही.

मालवाहू जहाजाचं तू विचारलंस. आंतरराष्ट्रीय नियमात बारापेक्षा जास्त उतारू असले की जहाज ‘प्रवासी’ ठरतं, म्हणून मालवाहू जहाजांवर फार तर बारा उतारू. २०२० नंतर बहुतेक कंपन्यांनी तेही बंद केलं. जागा मिळालीच तर डॉक्टरचा दाखला आणि सायकलीसाठी लेखी परवानगी लागेल. कंटेनर बंदरात सायकल चालवू देत नाहीत; २००४ पासून बंदरांना कडक कुंपणं आली आहेत आणि फाटकापर्यंत गाडीने नेतात. माझ्या मते तू त्याच्या मागे लागू नकोस.

पनामा आणि कोलंबियाच्या मध्ये, दारिएनच्या जंगलात, रस्ताच नाही. तिथे सायकलवाले शिडाच्या नौकेने सान ब्लास बेटांमधून चार-पाच दिवसांत कोलंबियातल्या कार्ताहेनाला जातात. नौकेवर सायकल उघड्यावर, कठड्याला बांधलेली असते, म्हणजे खाऱ्या तुषारांची आंघोळ सतत. निघण्याआधी चेनला तेलाचा जाड थर दे आणि सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, काढून ग्रीस लाव, नाहीतर ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट पोलादी फ्रेममध्ये असा गंजून बसतो की करवतच लागते. उतरल्यावर गोड्या पाण्याने धू, मग पुन्हा तेल. भाडं न देता कामात हातभार लावायला म्हणून नौकेवर गेलीस, तर तुझं नाव खलाशांच्या यादीत चढतं. उतरताना ते यादीतून काढल्याचा कागद घेतल्याशिवाय कप्तानाचा निरोप घेऊ नकोस. आणि चढण्याआधी त्या नौकेवर पूर्वी गेलेल्या दोघांशी तरी बोल. तू एकटी असशील तर हे टाळायचंच नाही.

पुढे कधी ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंड ठरवलंस तर टायरच्या खाचांतली आणि तंबूच्या खुंट्यांची माती दात घासायच्या ब्रशने काढ. तिथे माती तपासतात, आणि सापडली की थांबवतात.

पहिल्या बोटीचं तिकीट निघालं की कळव. वेळ मला बघू दे.

तुझा,
काका

ता. क. सायकल पिशवीत भरायची वेळ आली तर लक्षात ठेव, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पेडल काढायला १५ मिलिमीटरचा पाना बरोबर घे. माझा एक जादा आहे, पाठवतो.