घर विकायचंय, एजंट घेऊ की नको?

प्रश्न : नमस्कार. मी कोथरूडला राहते, वय ६३. मिस्टरांना जाऊन दोन वर्षं झाली. आमचा टू बीएचके तिसऱ्या मजल्यावर आहे, बिल्डिंग १९९६ ची, लिफ्ट नाही, आणि गुडघ्यांमुळे आता जिना झेपत नाही म्हणून हा विकून नाशिकला मुलीजवळ छोटं घर घ्यायचा विचार आहे. आमच्याच बिल्डिंगमधला एक फ्लॅट ९० लाखाला गेला म्हणतात. गल्लीतला एजंट २ टक्के मागतोय. मुलगा कॅनडात असतो, तो म्हणतो आई साइटवर फोटो टाक, एजंटला कशाला पैसे द्यायचे. फ्लॅट मिस्टरांच्या एकट्याच्या नावावर होता, मी नॉमिनी होते म्हणून शेअर सर्टिफिकेट आता माझ्या नावावर झालंय. मला जमेल का एजंटशिवाय?

उत्तर : ताई, जमेल. पण आत्ता लगेच नाही, आणि त्याचं कारण एजंट नाहीये, तुमच्या पत्रातलं ते नॉमिनीवालं वाक्य आहे.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने सर्टिफिकेटवर तुमचं नाव चढवलं म्हणजे सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा एवढंच ठरलं. मिस्टरांनी मृत्युपत्र केलं नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तुम्ही, मुलगा, मुलगी आणि तुमच्या सासूबाई हयात असतील तर त्यासुद्धा, असे सगळे सारख्या हिश्शाचे वारस. खरेदीदाराच्या बँकेचा वकील हे पहिल्या दिवशी पकडतो, आणि तोपर्यंत तुम्ही टोकन घेऊन बसलेल्या असता, नाशिकचं घर बघून ठेवलेलं असतं, मग नुसती धावपळ. म्हणून आधी बाकीच्या वारसांकडून तुमच्या नावे रजिस्टर्ड हक्कसोडपत्र करून घ्या. मुलगा येऊ शकत नसेल तर तिकडच्या भारतीय वकिलातीतून पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करून पाठवेल, ती इथे पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत तिच्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं, हे विसरू नका. मुलाने हिस्सा सोडला नाही तरी त्याच्या सहीने विकता येतं, पण मग तो एनआरआय असल्यामुळे त्याच्या हिश्शावर नेहमीचा १ टक्का टीडीएस (खरेदीदाराने किमतीतून आधीच कापून सरकारकडे भरायचा कर) चालत नाही, बराच जास्त कापावा लागतो, आणि हे ऐकून बरेच खरेदीदार मागे फिरतात.

यातलं एकही काम एजंट करत नाही. तो माणूस आणतो, भाव जुळवतो, रजिस्ट्रेशनला सोबत येतो. कागद तुमचे तुम्हाला आणि वकिलालाच बघायचेत, एजंट असो वा नसो. माझ्या आईचा चिंचवडचा फ्लॅट आम्ही एजंटशिवाय विकला तेव्हा पहिला खरेदीदार हातचा गेला, कारण पूर्णत्वाचा दाखला सापडत नव्हता आणि त्यांच्या बँकेने लोन नाकारलं. आई दोन दिवस नीट जेवली नव्हती. तेव्हा ओरिजिनल अ‍ॅग्रीमेंट, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), पूर्णत्वाचा दाखला, मिळकतकराच्या पावत्या, सोसायटीचं नो ड्यूज (थकबाकी नसल्याचं पत्र), मृत्यूचा दाखला, आणि लोन घेतलं होतं तर ते फिटल्याचं बँकेचं पत्र, हे सगळं आजच एका फायलीत लावा.

आता पैशाचं बघू. ९० लाखावर २ टक्के म्हणजे १ लाख ८० हजार, एजंट जीएसटीवाला असेल तर त्यावर १८ टक्के म्हणजे आणखी ३२,४००. सव्वादोन लाखाच्या आसपास जातात, तुमच्या वयाला ती रक्कम लहान नाही हे मला कळतं. पण ती सगळीच्या सगळी वाचेल असं धरून चालू नका. समोरचा पहिलं वाक्य हेच बोलतो, ब्रोकर नाही ना तुमचा, मग दोन टक्के आम्हाला कमी करा की. तिथे ठाम राहणारं कोणीतरी लागतं.

आणि ते ९० लाख "म्हणतात" वर सोडू नका. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे, तिथे गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकून तुमच्या बिल्डिंगमधल्या दस्तांचे इंडेक्स टू बघता येतात, त्यात मोबदला आणि सरकारी बाजारभाव दोन्ही लिहिलेलं असतं. मुलीला बसवा एक संध्याकाळ. विना लिफ्ट तिसरा मजला म्हटल्यावर पहिल्या मजल्याचा भाव तुम्हाला मिळणार नाही, हे मनाशी धरूनच आकडा ठरवा, नाहीतर सहा महिने नुसते फोन येत राहतील.

फोनचंही सांगते. साइटवर जाहिरात टाकली की पहिले दोन दिवस येणारे बहुतेक कॉल एजंटांचेच असतात, माझ्याकडे पार्टी रेडी आहे मॅडम असं म्हणत. त्यांना सरळ सांगा, पार्टी आणा, तुमचे पैसे त्यांच्याकडून घ्या. न बघताच टोकन पाठवतो, क्यूआर स्कॅन करा, पिन टाका असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही. आणि घरी एकट्या असताना कोणालाही घर दाखवू नका. शनिवार-रविवारच्या ठराविक वेळा ठेवा, शेजारच्या वहिनींना नाहीतर जावयांना बसवून घ्या. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न इथेच आहे. घर दाखवायला आणि भाव बोलायला सोबत माणूस मिळाला तर एजंट नको, नाही मिळाला तर ते सव्वादोन लाख सोबतीचे समजून देऊन टाका आणि वाईट वाटून घेऊ नका.

मी तुमच्या जागी असते तर आधी हक्कसोडपत्र पूर्ण केलं असतं, मग दोन महिने स्वतः प्रयत्न केला असता, सोसायटीच्या नोटीस बोर्डावर, मुलीच्या ग्रुपवर, साइटवर सगळीकडे. नाही जमलं तर एजंट, पण १ टक्क्यावर बोलून, लेखी, आणि पैसे खरेदीखताच्या दिवशी, टोकनच्या दिवशी अजिबात नाही. वकील मात्र दोन्ही वेळेला तुमचा स्वतःचा.

टोकन चेकने किंवा बँकेतूनच घ्या. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त कॅश घेणं कायद्याने चालत नाही, जेवढी घेतली तेवढाच दंड बसू शकतो. ५० लाख आणि वरच्या व्यवहारात खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो, तो तुमच्या पॅनवर जमा होतो, बुडत नाही. फायद्यावरच्या टॅक्सचं सीएशी विक्रीच्या आधीच बोला, कारण नाशिकचं घर २ वर्षांच्या आत घेतलंत तर त्यात गुंतवलेल्या फायद्यावर सूट मिळते.

प्रश्न : ठाण्यात आमच्या शेजाऱ्यांनाच आमचा फ्लॅट हवाय, भावही ठरलाय. तरी एजंट घ्यावा का? सोसायटी ट्रान्सफरचे ७५ हजार मागतेय.

उत्तर : नका घेऊ, गिऱ्हाईक दारात आहे. फक्त ओळखीचे आहेत म्हणून साध्या कागदावर विसार लिहू नका, वकिलाकडून साठेखत (विक्री ठरल्याचा करार) करून रजिस्टर करा, हप्ते कधी आणि ताबा कधी ते त्यात लिहा. महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम २५ हजारांच्या वर घेता येत नाही. कमिटीला लेखी विचारा की हे ७५ हजार कुठल्या नियमाने, आणि डोनेशन म्हणून मागितले तर देऊ नका. तरी ऐकलं नाही तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.