बाराव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट

प्रश्न : ग्रीसच्या डब्यावर ‘लिथियम १२-हायड्रॉक्सिस्टिअरेट’ हे नाव वाचले. त्याचे मूळ एरंडेलात आहे असे कळते. द्रव तेलापासून ग्रीस घट्ट करणारा पदार्थ कसा मिळतो? साध्या स्टिअरिक आम्लाहून तो वेगळा कसा?

उत्तर : एरंडेलातील मेदाम्लांपैकी ८५ ते ९० टक्के भाग एकट्या रिसिनोलेइक आम्लाचा असतो. त्याच्या १८ कार्बन अणूंच्या साखळीत नवव्या अणूपाशी दुहेरी बंध आणि बाराव्या अणूवर हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन व हायड्रोजन यांची OH ही जोडी) असतो. दुहेरी बंधामुळे साखळीला बाक येतो, रेणू एकमेकांलगत नीट रचले जात नाहीत आणि म्हणून तेल द्रव राहते. निकेल उत्प्रेरकाच्या साहाय्याने त्यात हायड्रोजन मिळवला की हा बाक नाहीसा होऊन मेणासारखा घन पदार्थ तयार होतो. त्याच्या जलविघटनातून १२-हायड्रॉक्सिस्टिअरिक आम्ल मिळते. साधे स्टिअरिक आम्ल सुमारे ६९ अंश सेल्सिअसला वितळते, तर हे ७५ अंशांच्या आसपास.

खरा फरक मात्र वितळण्यात नसून रेणूंच्या रचनेत आहे. बाराव्या कार्बनवरचा गट शेजारच्या रेणूतील तशाच गटाशी हायड्रोजन बंध जोडतो, त्याच्याशी पुढचा जोडला जातो आणि अशा साखळ्यांतून लांब, पिळदार तंतू तयार होतात. तंतूंच्या गुंत्यात तेल अडकते. त्यामुळे हे आम्ल अगदी थोडे, म्हणजे एक-दोन टक्के, गरम तेलात विरघळवून थंड केले तरी तेलाचा जेल बनू शकतो. हा रेणू उजव्या-डाव्या हातांसारख्या, एकमेकांच्या आरशातील प्रतिमा असलेल्या दोन ठेवणींत असू शकतो. तंतूंचा पीळ यांपैकी एकाच ठेवणीतून येतो; उजव्या आणि डाव्या ठेवणीचे रेणू समप्रमाणात मिसळले, तर लांब तंतूंऐवजी चपटे स्फटिक बनतात आणि जेल दुबळा पडतो. वनस्पती एकच ठेवण घडवते, हे मला या विषयातले सर्वांत सुंदर अंग वाटते.

ग्रीसमध्ये याच आम्लाचा लिथियम हायड्रॉक्साइडशी संयोग करून झालेला साबण तेलाला धरून ठेवतो. बेअरिंग फिरताना थर एकमेकांवर सरकवणाऱ्या ताणाखाली ग्रीस प्रवाही होते आणि ताण ओसरताच पुन्हा घट्ट होते. असे ग्रीस साधारण १९० अंशांपर्यंत थेंबाथेंबाने गळू लागत नाही आणि पाण्यालाही बऱ्यापैकी दाद देत नाही. मात्र बेंटोनाइट मातीने घट्ट केलेले ग्रीस त्यात मिसळू नये. मिश्रण मऊ पडून तेल वेगळे होऊ शकते, त्यामुळे प्रकार बदलताना बेअरिंगमधील जुने ग्रीस आधी पूर्ण काढून टाकावे.