देवाची कृपादृष्टी आणि तुझा हिशेब

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझा प्रश्न सरळ आहे: देवाची कृपादृष्टी व्हावी म्हणून नेमकं काय करायचं? २१ दिवसांचा उपवास झाला, पहाटेची प्रार्थना झाली, पगाराचा दहावा भाग न चुकता दिला, तरी बढती हुकली. आणि रविवारी कधीमधी चर्चला येणाऱ्या मैत्रिणीला पहिल्याच फटक्यात व्हिसा मिळाला. आता तुला वाटतंय की आपल्या भक्तीत काहीतरी कमी पडलं. मला विचारशील तर भक्तीचं प्रमाण ठीक आहे, हिशेबाची वहीच चुकीची उघडली आहेस.

बायबलमधल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचा सहावा अध्याय काढ आणि वचनांचा क्रम बघ. पाचव्या वचनात माणसांची दुष्टाई, आठव्यात नोहावर परमेश्वराची कृपादृष्टी, नवव्यात नोहा नीतिमान होता हे, आणि जलप्रलयातून वाचवणारं तारू, म्हणजे मोठं जहाज, बांधायची आज्ञा थेट चौदाव्यात. म्हणजे तारू बांधल्याचं बक्षीस म्हणून देव प्रसन्न झालेला नाही. नववं वचन हेच आठव्याचं कारण, असं सांगणारे भेटतील. मला ते पटत नाही, कारण इब्री लोकांस पत्र ११:७ नोहाचं नीतिमत्त्वही विश्वासाच्याच खात्यावर टाकतं. आणि कृपा झाल्यावर त्याच्या वाट्याला काय आलं? ३०० हात लांब, ५० हात रुंद, ३० हात उंच, तीन मजले, आतून-बाहेरून डांबर. ढोर मेहनत.

हे एकट्या नोहाचं नाही. देवदूत गब्रीएल मरियेला म्हणाला की तुझ्यावर देवाची कृपा झाली आहे, आणि लगेच तिच्यापुढे असं गरोदरपण ठेवलं की वाग्दान झालेला योसेफ तिला गुपचूप सोडायला निघाला. पुढे मंदिरात शिमोनाने तिला सांगितलं की तुझ्या जिवातून तलवार आरपार जाईल. मिद्यानी शत्रूशी लढायला निघालेल्या गिदोनाची तर देवाने ३२,००० माणसं होती ती आधी १०,००० वर आणली, मग ३०० वर, आणि म्हणाला, आता लढ. याकोबाच्या मुलाचं, त्या दुसऱ्या योसेफाचं बघ. देवाने त्याच्यावर तुरुंगाच्या अधिकाऱ्याची मर्जी बसवली (उत्पत्ती ३९:२१). मर्जी बसवली, पण दार उघडलं नाही. सोबतचा कैदी, राजाचा प्यालेबरदार, सुटून गेला, त्याला विसरला, आणि योसेफ आणखी पूर्ण दोन वर्षं आत राहिला. त्या दोन वर्षांत कुणी त्याला तुझ्यासारखाच प्रश्न विचारला असता, तर परिस्थितीकडे बघून चुकीचंच उत्तर निघालं असतं.

तेव्हा बढती, व्हिसा, आजारपण, लग्न जमणं यांवरून देवाची मर्जी मोजू नकोस. चांगल्यांवर आणि वाइटांवर तो सारखाच सूर्य उगवतो, हे येशूनेच डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलंय. मैत्रिणीला व्हिसा मिळाला ही आनंदाची गोष्ट आहे. तिला फोन कर आणि मनापासून अभिनंदन कर.

मग कृपादृष्टी आहे हे कळायचं कशावरून? ख्रिस्ती विश्वासाचं उत्तर एका माणसाकडे बोट दाखवतं. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा आकाशातून वाणी आली, की तू माझा प्रिय पुत्र, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. मार्कात हे पहिल्या अध्यायाच्या अकराव्या वचनात येतं, एकाही चमत्काराच्या आधी. आणि इफिसकरांस पत्र सांगतं की त्याच प्रियामध्ये देवाने आपल्यावर कृपा केली. ख्रिस्तावर बसलेली पित्याची मर्जी, त्याच्याशी जोडले गेल्यामुळे, आपलीही होते. तुझी स्वतःची वेगळी मर्जी कमवायची नाही, कारण तशी वेगळी ठेवलेलीच नाही. त्याच पत्राचं २:८-९ बहुतेकांना पाठ असतं, की तारण कृपेने, कर्मांनी नाही. दहाव्या वचनाशी मात्र लोक थांबत नाहीत. तिथे सत्कर्मं आहेत, देवाने आधीच नेमून ठेवलेली, आणि ती कृपेच्या मागून चालत येतात.

यावर मंडळीने चांगलीच भांडणं केली आहेत. पेलाजियस नावाच्या शिक्षकाने माणसाच्या प्रयत्नाला फार वर नेलं, तेव्हा ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने त्याची शिकवण नाकारली. सोळाव्या शतकात, धर्मसुधारक ल्यूथरच्या काळात, हाच वाद पुन्हा पेटला. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग इथे कॅथॉलिक चर्च आणि लुथरन वर्ल्ड फेडरेशनने संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या: देव आपला स्वीकार करतो तो आपल्या पुण्याईमुळे नव्हे, केवळ कृपेने. सगळे मतभेद मिटले असं नाही, पण तुझ्या वसईच्या कॅथॉलिक मावशीशी या मुद्द्यावर वाद घालत बसायचं आता कारण उरलेलं नाही. वांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचं घर किंवा मेणाचा पाय वाहणाऱ्यांना आपले लोक हसतात. त्यांतले कितीतरी जण साध्या विश्वासाने मागत असतात. तुझे ते २१ दिवस मात्र, खरं सांगू, चक्क नवस होता.

याचा अर्थ आपण कसंही वागलो तरी देवाला फरक पडत नाही, असाही नाही. दावीद राजाने उरीयाच्या बाबतीत केलं (त्याची बायको घेतली आणि त्याला मारवलं) ते परमेश्वराला वाईट वाटलं, असं २ शमुवेल ११:२७ मध्ये स्पष्ट लिहिलंय. नाथान संदेष्ट्याने तोंडावर सुनावल्यावर दाविदाने पाप कबूल केलं, तिथल्या तिथे क्षमाही मिळाली, तरी त्या कृत्याचे परिणाम त्याच्या घराने भोगले. लेकरू म्हणून स्वीकार एकीकडे, वागण्याने पित्याला होणारा आनंद किंवा दुःख दुसरीकडे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणूस एक तर बेफिकीर होतो, नाही तर तुझ्यासारखा धास्तावतो.

आता रोजचं. सकाळी १५ मिनिटं पुरेत. आधी लूक १८ मधली जकातदाराची एका ओळीची प्रार्थना म्हण: हे देवा, मज पाप्यावर दया कर. त्याच गोष्टीतला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा माणूस, आठवड्यातून दोनदा उपास करत होता. नियमशास्त्रात सक्तीचा उपास वर्षातून एकच, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा. म्हणजे तो बराच पुढे होता, तरी नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार. मग कालचं एक पाप नाव घेऊन सांग. ‘माझं सगळं माफ कर’ अशा मोघम प्रार्थनेने काही हलत नाही, कारण तिथे काही कबूलच केलेलं नसतं. ‘काल मीटिंगमध्ये तिचं काम मी माझं म्हणून दाखवलं’ असं म्हटलंस की पुढे काय करायचं ते आपोआप कळतं: तिला आणि साहेबांना जाऊन सांगायचं. पैशाचा मामला असेल तर लेवीय ६:५ चं माप धर, मुद्दल अधिक पाचवा हिस्सा. ऑफिसात ५०० रुपयांचं खोटं बिल लावलं असेल तर ६०० परत कर. येशूला भेटलेला जकातदार जक्कय तर चौपट द्यायला निघाला होता. या भरपाईने कृपा विकत मिळत नाही. जक्कयाच्या घरी येशू आधी गेला, हिशेब नंतर झाला.

दशांशाबद्दल. मोबाइलवर ‘हजार रुपयांचं बी पेरा, देव शंभरपट देईल’ म्हणत क्यूआर कोड दाखवणाऱ्यांना एक पैसाही पाठवू नकोस. ते मलाखी ३:१० दाखवतात, पण ते वचन मंदिराच्या कोठाराबद्दल आहे, ज्यावर मंदिरात सेवा करणाऱ्या लेव्यांचं पोट चालायचं. आणि अनुवाद १४ प्रमाणे दर तिसऱ्या वर्षीचा दशांश लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर जेवावं म्हणून होता. शोमरोनात शिमोन नावाच्या जादूगाराने देवाचं दान पैशाने घ्यायला पाहिलं, तेव्हा पेत्राने त्याला काय सुनावलं ते प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये वाच. कर्ज काढून अर्पण देऊ नये. घरी आईच्या औषधांचे पैसे थकले असतील तर आधी ते भर. आईबापांच्या वाट्याचं ‘कुर्बान’ म्हणून देवाला वाहणाऱ्यांना येशूने मार्क ७ मध्ये चांगलंच झापलंय.

उपवास हवा तर कर, पण महिन्यातून एक दिवस, कुणाला न सांगता, आणि त्या दिवशीच्या जेवणाचे पैसे गरजवंताला दे, कारण यशया ५८ मधला उपवास भुकेल्याला भाकर वाटण्यापाशी येऊन थांबतो. तुला ॲसिडिटीचा त्रास आहे, तेव्हा उपाशीपोटी चहा पिऊन दिवस काढायचा नाही. आणि डोळे मिटून बायबल उघडायचं, बोट पडेल ते वचन देवाचं उत्तर समजायचं, हा खेळ बंद कर. गिदोनाने लोकर ठेवून दोनदा खूण मागितली, ती देवाने आपला शब्द दिल्यानंतर. ते त्याच्या भित्रेपणाला देवाने सांभाळून घेणं होतं, आपल्यासाठी घालून दिलेली रीत नव्हे.

एक गोष्ट जरा काळजीने लिहितोय. एकदा कबूल केलेलं पाप तू पुन्हा पुन्हा कबूल करतेस, झोपताना तीनतीनदा, असं तुझ्या पत्रावरून दिसतं. ल्यूथरही मठात तासन्‌तास पापांगीकार करायचा आणि तरी त्याला शांती मिळत नव्हती. यापुढे कबूल केलेलं पाप पुन्हा आठवलं, तर क्षमा मागायची नाही, ‘ते झालं, आभार’ एवढंच म्हणायचं आणि दिवा मालवायचा. दोन-तीन आठवडे असं करूनही मन त्याच त्या विचारात अडकत राहिलं, तर पाळकांशी बोल आणि मानसोपचारतज्ज्ञांचीही वेळ घे. त्यात विश्वास कमी पडला असं काही नसतं.

रूथचं पुस्तक चारच अध्यायांचं आहे, एका बैठकीत वाचून होईल. दुसऱ्या अध्यायात ती परक्या शेतात सरवा वेचायला निघते, तेव्हा कुणाची कृपादृष्टी होईल हे तिला ठाऊक नसतं. संध्याकाळी मळून सुमारे एक एफा (धान्याचं जुनं माप) जव भरतं. ते वाचून झालं की बढतीचा अर्ज पुन्हा कसा करायचा, ते बोलू.

प्रभूमध्ये तुझा,
काका