नाताळच्या भेटवस्तू घरच्या घरी नीटनेटक्या आणि झटपट कशा पॅक कराव्यात?

तुम्ही लिहिलंय की भाचरांच्या आणि ऑफिसातल्या सीक्रेट सँटाच्या मिळून सात-आठ भेटवस्तू पॅक करायच्या आहेत, पण दरवेळी खोक्याच्या दोन्ही टोकांना कागदाचा बोळा होतो आणि सेलोटेपचं अर्धं रीळ त्यातच जातं. तुमच्या हातांत काही खोट नाही. तुम्ही कागद जास्त घेताय, एवढंच.

वसईत माझ्या मावसभावाचं स्टेशनरीचं दुकान आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात तिथल्या पॅकिंगच्या टेबलावर मी असते. घरी अर्धवट पॅक करून कंटाळलेली गिऱ्हाइकं वस्तू तशीच घेऊन येतात. कागद उलगडला की बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते: टोकांना वीतभर कागद सोडलेला. कमी पडू नये म्हणून सोडतात, आणि मग तोच कुठे कोंबायचा हा प्रश्न पडतो.

म्हणून आधी माप. खोका कागदावर ठेवून कागद त्याच्याभोवती एकदा फिरवा. दोन्ही कडा एकमेकींवर तीन सेंटीमीटर चढल्या की पुरे, पुढचा कापून टाका. टोकांना मात्र उंचीच्या पाऊणपट कागद सोडायचा. अर्धा सोडला तर वरची आणि खालची पाकळी मधोमध जेमतेम भेटतात. पाऊणपट सोडला तर एकीवर दुसरी नीट बसते. समजा खोका 24 सेंटीमीटर लांब, 16 रुंद आणि 6 उंच आहे. त्याचा घेर 44, अधिक 3, म्हणजे 47. दुसऱ्या दिशेला 24 अधिक दोन्हीकडे साडेचार-साडेचार, म्हणजे 33. आपल्याकडे गिफ्ट पेपर बहुतेक ठिकाणी तावाने मिळतो आणि ताव साधारण 50 बाय 70 चा असतो (तुमचा मोजून घ्या). त्यात 47 बाय 33 चे दोन तुकडे आरामात निघतात, म्हणजे एका तावात दोन खोकी. लोक एका खोक्याला एक ताव लावतात आणि वर तक्रार करतात की कागद महाग झालाय.

आता प्रत्यक्ष पॅकिंग. टेबल किंवा फरशी घ्या, गादीवर बसून हे काम होत नाही. कागदाची छापील बाजू खाली, खोका त्यावर पालथा. सेलोटेपचे तुकडे आधीच कापून टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवा, म्हणजे एका हाताने कागद धरून दुसऱ्या हाताने टेपचं टोक शोधत बसावं लागत नाही. कागदाची जी कड वर दिसणार, ती आधी एक सेंटीमीटर आत मुडपून घ्या. कात्री कितीही वाकडी चालली असली तरी मुडपलेली कड सरळच दिसते. त्या मुडपलेल्या भागाखाली दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा, मग वरून एकही चकाकती पट्टी दिसणार नाही. जोड खोक्याच्या पाठीवर मधोमध न आणता थोडा सरकवून बरोबर कडेवर आणला, तर तो शोधावा लागतो.

टोकांना आधी डावी-उजवी बाजू आत दाबा. अगदी खोक्याला चिकटून दाबा, मध्ये पोकळी राहू देऊ नका. मग वर आणि खाली एकेक पाकळी तयार होते. वरची खाली घ्या, खालच्या पाकळीचं टोक जरासं आत दुमडा आणि तिला वर चढवून चिकटवा. आणि प्रत्येक घडी नखाने दाबा. जून महिन्यात शाळेच्या पुस्तकांना खाकी कव्हरं घातली असतील तर हे तुमच्या बोटांना ठाऊक आहे. सगळं पॅक झाल्यावर खोक्याच्या बाराही कडांवरून चिमटीने कागद दाबत जा. दुकानातलं पॅकिंग आणि घरचं पॅकिंग यांतला फरक बराचसा या शेवटच्या अर्ध्या मिनिटाचा असतो.

चौकोनी, चपट्या खोक्याला (केकचा डबा, मिठाईचा बॉक्स) कागद तिरका ठेवून पाहा. जपानी दुकानांतही अशाच तिरक्या पद्धतीने पॅकिंग करतात, फक्त त्यांची रीत जरा वेगळी आणि फारच वेगवान असते. आपल्यासाठी सोपी रीत अशी: कागदाचा चौरस तुकडा घ्या, त्याची चार टोकं खोक्याच्या चार बाजूंसमोर येतील असा खोका मधोमध ठेवा आणि चारही टोकं पाकिटासारखी मधोमध आणून चिकटवा. माप काढायला खोक्याच्या वरच्या पृष्ठाचा कर्ण घ्या आणि त्यात उंचीच्या दीडपट मिळवा. 20 बाय 20 चा, 5 सेंटीमीटर उंच डबा असेल तर कर्ण साधारण 28.3, त्यात साडेसात, म्हणजे 36 सेंटीमीटरचा चौरस. एखादा सेंटीमीटर जास्त घ्या. नेहमीच्या पद्धतीने याच डब्याला 53 सेंटीमीटर लांब कागद लागला असता, आणि उरलेल्या तुकड्यांत तेवढा लांब तुकडा कधीच सापडत नाही. टेपही फक्त एका जागी लागते. लांबट किंवा उंच खोक्याला मात्र हा उद्योग करू नका.

कागद कोणता घ्यावा हे तुम्ही विचारलेलं नाही, पण अर्धी लढाई तिथेच आहे. चमचमणारा प्लॅस्टिकसारखा कागद नवशिक्याने घेऊच नये. तो घसरतो, घडी धरत नाही, टेप सोडतो, आणि रद्दीवालाही घेत नाही. हातात चुरगाळून सोडून द्या: पुन्हा उलगडला तर त्यात प्लॅस्टिक आहे, चुरगाळलेला राहिला तर कागद आहे. फार पातळ कागद खोक्याच्या कोपऱ्यावर फाटतो, फार जाड कागदाच्या टोकांच्या घड्या फुगतात. 80 ते 90 जीएसएमच्या (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचा बरा. माझी आवड विचाराल तर साधा खाकी कागद, त्यावर लाल दोरा आणि अंगणातल्या झाडाची एक हिरवी डहाळी. स्वस्त पडतं आणि झाडाखाली ठेवलेल्या रंगीबेरंगी गर्दीत तेच आधी नजरेत भरतं. जरा खास हवं असेल तर पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, 1940 पासूनची. तिथला कागद पॅकिंगला सुंदर दिसतो, फक्त घडी घालताना पट्टीने दाबावा लागतो. मुंबईकरांना घाऊक कागद-रिबिनीसाठी अब्दुल रेहमान स्ट्रीट ठाऊक असेलच. तिथे डिसेंबरच्या शनिवारी जाऊ नका एवढंच सांगेन.

आणि कागद ऐन वेळी संपला तर? छापील गिफ्ट पेपरची चाल तरी अशीच पडली. अमेरिकेत कॅन्सस सिटीला 1917 च्या नाताळात हॉल बंधूंच्या दुकानातला भेटवस्तू गुंडाळायचा साधा टिश्यू कागद संपला. त्यांनी पाकिटांना आतून लावायचा नक्षीदार फ्रेंच कागद काउंटरवर ठेवला, दहा सेंटला एक ताव. तो हातोहात खपला आणि थोड्याच वर्षांत ते स्वतःच असा कागद छापायला लागले. हॉलमार्क ती हीच कंपनी. तेव्हा जुनं कॅलेंडर, नकाशा, शिंप्याकडचा पॅटर्नचा कागद, काहीही चालतं. वर्तमानपत्र मात्र जपून, शाई पांढऱ्या कपड्यांना लागते. कागद थोडाच कमी पडत असेल तर जोड देत बसू नका. दुसऱ्या रंगाची रुंद पट्टी मधोमध फिरवा, सगळ्यांना वाटेल मुद्दामच केलंय.

वेड्यावाकड्या आकाराच्या वस्तूंवर माझं मत ठाम आहे: त्यांच्याशी कुस्ती खेळू नका, खोक्यात घाला. बाहुली, बॅट-बॉल, कानातल्यांचा स्टँड, ज्याला सहा सरळ बाजू नाहीत त्याला घरातला कुठलाही पुठ्ठ्याचा खोका द्या आणि आत जुना कागद चुरगाळून भरा. कपडे तर नुसते कधीच गुंडाळू नका. मागे पुठ्ठा ठेवून घडी घाला, मग कागद ताणून बसतो. बाटलीला (आमच्याकडे नाताळात घरच्या वाइनच्या बाटल्या देतात) कागदात आडवी गुंडाळा, बुडाला कागद चुण्या घालत मध्यावर आणून गोल स्टिकरने बंद करा आणि मानेशी रिबिनीने आवळा. वर चार बोटं कागद मोकळा राहू द्या.

नाहीतर सरळ कापड वापरा. पोथी बासनात बांधतात तसंच, वस्तू चौरस कापडाच्या मधोमध कर्णावर ठेवायची, समोरासमोरची दोन टोकं वर घेऊन एकाखाली एक सरकवायची आणि उरलेल्या दोन टोकांची गाठ मारायची. कापडाचा कर्ण वस्तूच्या लांबीच्या साधारण तिप्पट हवा. जपानमध्ये याला फुरोशिकी म्हणतात. ओढणी, स्कार्फ, खणाचा तुकडा काहीही घ्या. घेणाऱ्याला दोन भेटी मिळतात आणि टेप लागतच नाही.

रिबीन किती लागते? अधिकच्या चिन्हासारखी बांधायची तर लांबी आणि रुंदीची बेरीज दुप्पट, त्यात उंची चौपट, आणि फुलासाठी वर 50 सेंटीमीटर. वरच्या 24-16-6 च्या खोक्याला 154, म्हणजे दीड मीटरला जरा जास्त. रिबीन खोक्याच्या वर आडवी ठेवून खाली न्या, तिथे पीळ देऊन दिशा बदला आणि वर आणून गाठ मारा. फूल आडवं न बसता रिबिनीच्या रेषेतच उभं राहत असेल तर दुसरी गाठ उलट बाजूने मारा, लगेच सरळ होतं. तयार चिकट फुलं मला आवडत नाहीत, ती पार्टीच्या आधीच गळतात.

काही बारीकसारीक गोष्टी. पॅक करण्याआधी किमतीचं लेबल काढा. निघत नसेल तर हेअर ड्रायरची गरम हवा थोडा वेळ मारा. कुणाची कुठली हे पॅक करता करताच लिहा, सगळी संपल्यावर नाही, एकाच कागदातली चार खोकी नंतर ओळखू येत नाहीत. सीक्रेट सँटाच्या चिठ्ठीवरचं नाव दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. खेळण्यांना आतून बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आधीच कापून ठेवा आणि सेल लागत असतील तर तेही सोबत द्या, नाहीतर नाताळच्या सकाळी मूल रडत असतं आणि दुकानं बंद असतात.

आणि यातलं काही विमानाने न्यायचं असेल, मुलाकडे अमेरिकेला वगैरे, तर पॅक करूनच नेऊ नका. तपासणीत उघडायला सांगू शकतात. कागदाची घडी आणि टेप बॅगेत टाका, तिथे पोहोचून गुंडाळा. तिकडे कागद रोलमध्ये मिळतो आणि बऱ्याच रोलच्या पाठीवर कापायला चौकड्या छापलेल्या असतात, त्यामुळे कापणं उलट सोपंच जाईल.