अण्णांची खोवणी आणि पेटंटचा कागद

प्रश्न : ताई, आमचे सासरे (आम्ही अण्णा म्हणतो) एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले आणि मागच्या पडवीत त्यांचा कारखानाच सुरू झाला. सासूबाईंना गुडघ्यांमुळे विळीवर बसवेना म्हणून ओट्याच्या कडेला स्क्रूने आवळायची खोवणी केली, उभ्याउभ्या नारळ खोवा! दोन वर्षं आंगणेवाडीच्या जत्रेत स्टॉल लावून विकतोय, आणि यंदा बाजारात एका दुकानात तश्शीच खोवणी, तीही आमच्यापेक्षा स्वस्त. आता रातांबे (कोकमाची फळं) फोडायचं काहीतरी यंत्र चाललंय. मिस्टर म्हणतात पेटंट घ्या, अण्णा म्हणतात "माका कित्याक व्हयो तो कागद?" घरात रोज वाजतंय. काय करावं?
– एक सून, कुडाळ

उत्तर : आधी वाईट बातमी. खोवणीचं पेटंट आता विसरा. वस्तू जगासमोर आली, विकली गेली की ती कायद्याच्या नजरेत नवीन राहत नाही, मग ती बनवणारे अण्णाच असले तरी. सरकारने खास जाहीर केलेल्या प्रदर्शनांना थोडी सूट असते पण त्यात आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा येत नाही हो. आकाराची डिझाइन-नोंदणी करावी म्हणाल तर तिथेही हाच नियम. राहता राहिलं नाव. खोवणीला एखादं झकास नाव द्या आणि ट्रेडमार्कचा अर्ज टाका, एकट्या माणसाला ऑनलाइन ४५०० रुपये सरकारी फी पडते. दुकानदार खोवणी विकेल पण अण्णांचं नाव त्यावर टाकू शकणार नाही, आणि कोकणात माणसं "अमक्याची खोवणी" असं नावानेच मागतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

रातांब्यांचं मात्र तोंडातून काढू नका! शेजारणीला दाखवू नका, व्हॉट्सॅपवर व्हिडिओ तर मुळीच नको (नातवंडांना दम देऊन ठेवा). मे महिन्यात ढीगभर रातांबे हाताने फोडून बिया काढायच्या, बोटं लालभडक होतात आणि आंबटाने चिरा झोंबतात, त्यावर अण्णांनी खरंच काही शोधलं असेल तर ते मोलाचं आहे. पण अशी यंत्रं आधीही झालीत, त्यामुळे पेटंट ऑफिसच्या वेबसाइटवर फुकटात शोधून बघा आणि अण्णांचं नेमकं वेगळं काय ते ठरवा. दोन जुन्या वस्तू नुसत्या जोडल्या तर पेटंट मिळत नाही, पात्याची चाल, बी बाहेर ढकलायची युक्ती, असं काहीतरी त्यांचं स्वतःचं हवं. ते असेल तर प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करा, ऑनलाइन फी १६०० रुपये, आणि पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. अर्ज पडला की बिनधास्त विका. पुढे तपासणीचे ४००० आणि वकिलाची फी वेगळी, खरा खर्च तिथेच असतो. पेटंट टिकतं २० वर्षं, तेही फी भरत राहिलात तर. मसुदा लिहायला मदत हवी असेल तर गुजरातेतल्या नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनला लिहा, ते डिग्री नसलेल्या कारागिरांसाठीच आहे.

आता अण्णांबद्दल. त्यांचं अगदीच चूक नाहीये, कागद मिळाला तरी कोर्टात भांडायला आपणच जायचं असतं आणि चारशे-पाचशेच्या वस्तूसाठी कोण जाणार? म्हणून माझं मत मिस्टरांनाही कळवा, खर्च करायचा तर रातांब्यांवर करा, अण्णांच्या प्रत्येक वस्तूवर नको. पुढच्या महिन्यात ते तिसरंच काहीतरी काढतील, अशी माणसं गप्प बसत नाहीत.

शिवाय स्वस्त खोवणीचं पातं बघा बरं, २०२ नंबरचं (हलक्या प्रतीचं) स्टेनलेस स्टील असेल तर आपल्या खाऱ्या हवेत लवकर डाग पडायला लागतील. अण्णांनी ३०४ नंबरचं (कमी गंजणारं) वापरावं आणि स्टॉलवर तसं मोठ्या अक्षरात लिहावं. जास्तीचे पैसे का, हे गिऱ्हाइकाला एका वाक्यात कळतं.